मोरया: सर्वांच्या मुखी, क्वचित कोणाच्या नावी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत महाराष्ट्रात देवाच्या नावाखालोखाल ज्या नावाचा गजर होतो, ते 'मोरया' हे मुळात एका माणसाचे नाव आहे, आणि त्याचे विस्तारित रूप 'मोरेश्वर' व 'मोरो', 'मोरोबा', 'मोरोपंत' ही त्याची रोजच्या व्यवहारातील रूपे सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी घरांत सहज आढळत असत. आज मात्र हे नाव घोषणेत, ढोल-ताशा पथकांच्या नावांत, दुकानांच्या पाट्यांवर आणि वाहनांच्या काचांवर सर्वत्र दिसत असले, तरी बारशाच्या दिवशी ते बाळाच्या कानात सांगितले जाण्याचे प्रसंग विरळ झाले आहेत. एखादे नाव विस्मरणात गेल्यामुळे दुर्मिळ होते हे समजण्यासारखे आहे. परंतु जे नाव दरवर्षी लाखो कंठांतून उमटते तेच व्यक्तिनाम म्हणून मागे पडावे, ही घटना मराठी नामकरणाच्या इतिहासात वेगळी आहे आणि म्हणूनच तिची कारणे शोधण्याजोगी आहेत.

या शोधासाठी रावेत हे ठिकाण सोयीचे आहे. पवना नदीच्या उत्तर तीरावरील हे जुने गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले, आणि येथील बंधाऱ्यातून उचललेल्या पाण्यावर आज औद्योगिक नगरीची तहान मोठ्या प्रमाणात भागते. नदीच्या पलीकडच्या बाजूला पुनावळे आणि ताथवडे ही गावे आहेत, प्रवाहाच्या दिशेने थोडे खाली गेल्यावर वाल्हेकरवाडी ओलांडून चिंचवडचा घाट येतो, आणि त्या घाटावर मोरया गोसावी यांची समाधी आहे. मोरया गोसावींच्या चरित्राच्या परंपरेत ताथवडे आणि चिंचवड या दोन्ही गावांचा उल्लेख येत असल्यामुळे, 'मोरया' हे नाव ज्या परिसरात वाढले त्याच्या अगदी मध्यावर आजच्या रावेतमधील उंच इमारती उभ्या आहेत असे म्हणता येते.

नावाची व्युत्पत्ती, म्हणजे शब्द कोठून आणि कसा बनला याची हकिगत, तुलनेने स्पष्ट आहे. संस्कृतातील 'मयूर' या शब्दापासून प्राकृत भाषांत 'मोर' आणि 'मऊर' अशी दोन रूपे झाली, आणि वररुचीच्या 'प्राकृतप्रकाश' या व्याकरणात या विकल्पासाठी स्वतंत्र नियमच दिलेला आहे. यांपैकी 'मोर' हे रूप किती जुने आहे याचा पुरावा दगडावर कोरलेला मिळतो. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेसाठी आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच प्राणी मारले जातात असा मजकूर आहे, आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील या लेखाच्या गिरनार येथील प्रतीत 'मोर' हाच शब्द वापरलेला असून वायव्येकडील शाहबाजगढी येथील प्रतीत मात्र 'मजुर' हे वेगळे रूप आढळते. म्हणजे पश्चिम भारतात 'मोर' हा शब्द किमान सव्वादोन हजार वर्षे लोकांच्या बोलण्यात आहे, आणि मराठीने तो उसना न घेता आपल्या पूर्वज बोलींकडून वारशाने घेतला आहे. संस्कृत शब्द जेव्हा असा लोकांच्या तोंडी बदलत बदलत भाषेत येतो तेव्हा त्याला 'तद्भव' म्हणतात, आणि जो मूळ रूपात जसाच्या तसा घेतला जातो त्याला 'तत्सम' म्हणतात. हा भेद पुढे या नावाच्या उतरत्या काळाचा विचार करताना पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मोर या पक्ष्याच्या नावाला 'ईश्वर' हे पद जोडले गेले ते गणेशाच्या एका अवताराच्या कथेमुळे. 'गणेशपुराणा'च्या क्रीडाखंडात सांगितल्याप्रमाणे त्रेतायुगात शिवपार्वतीच्या पोटी जन्मलेल्या, शुभ्र वर्णाच्या आणि सहा हातांच्या गणेशाने मोरावर आरूढ होऊन सिंधू नावाच्या दैत्याचा वध केला, आणि त्यामुळे त्याला 'मयूरेश्वर' हे नाव मिळाले. या कथेचे स्थान म्हणून पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात, कऱ्हा नदीच्या काठी असलेले मोरगाव मानले जाते, आणि अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ तेथूनच करण्याचा प्रघात आहे. ग्रंथांत 'मयूरेश्वर' लिहिले गेले तरी लोकांनी देवाला 'मोरेश्वर' म्हटले, गावाला मोरगाव म्हटले, आणि देवाच्या कृपेने झालेल्या मुलाला देवाचेच नाव ठेवण्याच्या रूढीप्रमाणे मोरेश्वर हे माणसाचे नावही झाले. 'मोरे' या आडनावाची परंपरा निराळी असून ती बरेचदा मौर्य घराण्याशी जोडली जाते. ध्वनिसाम्य असले तरी प्रस्तुत व्यक्तिनामाशी तिची गल्लत करू नये.

मोरेश्वराचा 'मोरो' कसा झाला हे समजण्यासाठी जुन्या मराठी नावांचा एक सर्वसाधारण नियम लक्षात घ्यावा लागतो. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदपत्रांत लांब नावांचे पहिले एक-दोन वर्ण ठेवून शेवटी 'ओ' लावण्याची पद्धत दिसते, त्यामुळे नारायणाचा नारो, केशवाचा केसो, दत्तात्रेयाचा दत्तो, जनार्दनाचा जनो, राघवाचा राघो आणि मोरेश्वराचा मोरो होतो. हे रूप घरगुती लाडाचे किंवा कमीपणाचे नव्हते. राजाच्या दरबारातील अधिकारी त्याच नावाने ओळखले जात आणि त्यापुढे वडिलांचे नाव जोडून 'मोरो त्रिंबक' किंवा 'नारो शंकर' असा पूर्ण उल्लेख होई. आदर दाखवायचा असेल तेव्हा 'पंत' लागे, जिव्हाळा दाखवायचा असेल तेव्हा 'बा' लागे, आणि घरातील लहान मुलाला हाक मारताना 'मोरू' म्हटले जाई. एकाच नावाची अशी चार-पाच रूपे वय, मान आणि नाते यांप्रमाणे बदलत असल्यामुळे ते नाव बोलण्यात फार लवचीक राहत असे.

या नावाच्या धारकांची यादी पाहिली असता ते किती रुळलेले होते हे कळते. छत्रपती शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला, १६७२च्या साल्हेरच्या लढाईत प्रतापराव गुजर यांच्याबरोबर त्यांनी मोठा विजय मिळवला, आणि त्यांचे पुत्र निळो मोरेश्वर हेही पुढे पेशवेपदावर आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नाना फडणवीसांचे चुलतबंधू मोरोबा फडणीस पुण्याच्या राजकारणात नानांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे यांना १८५८ मध्ये इंग्रजांनी फाशी दिले. मोरोबा कान्होबा यांचे १८६३ मधील 'घाशीराम कोतवाल' हे पुस्तक मराठीतील आरंभीच्या कादंबरीवजा लेखनात गणले जाते. मोरेश्वर रामचंद्र काळे यांची संस्कृत व्याकरणाची आणि नाटकांची सटीप पुस्तके विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरली. आणि कवी केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांचे १९११ मध्ये प्रसिद्ध झालेले 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. विदर्भात स्वातंत्र्यलढ्यातील नेते मोरेश्वर वासुदेव अभ्यंकर होते, आणि मराठवाड्यात औरंगाबादचे खासदार म्हणून मोरेश्वर सावे निवडून आले. कोकण, देश, विदर्भ, मराठवाडा आणि महाराष्ट्राबाहेरचे झाशी, इतक्या दूरवर हे नाव पोहोचले होते.

मात्र या सर्वांत नावाचा अर्थ सर्वांत खोलवर जाणणारा धारक म्हणजे पंडित कवी मोरोपंत. मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यास झाला, आयुष्याचा मोठा भाग बारामतीस गेला आणि तेथेच १७९४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या मोरगावच्या देवावरून हे नाव आले त्याच्या जवळच त्यांनी आपली ग्रंथरचना केली. आर्या या वृत्तावर प्रभुत्व असलेल्या आणि रामकथा एकशे आठ प्रकारांनी रचल्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या या कवीने आपल्या कवितेत स्वतःचा उल्लेख 'मयूर' असा केला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिलेल्या प्रार्थनाकाव्याला 'केकावली' हे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो आणि आवली म्हणजे ओळ; मेघाला पाहून मोराने हाका माराव्यात तशा ईश्वराला मारलेल्या हाका, असा त्या शीर्षकाचा आशय आहे. स्वतःच्या बोलीतील नावातून त्याचे संस्कृत मूळ उलगडून त्यावर संपूर्ण काव्याची कल्पना उभारण्याचे असे दुसरे उदाहरण मराठीत सहज सापडणार नाही, आणि मोरोपंतांचे काव्य आज जड वाटत असले तरी हे एक शीर्षक त्यांच्या प्रतिभेची साक्ष देण्यास पुरेसे आहे.

'मोरया' हे रूप ज्यांच्यामुळे अजरामर झाले ते मोरया गोसावी हे गाणपत्य संप्रदायाचे, म्हणजे गणपतीलाच परब्रह्म मानणाऱ्या उपासनापंथाचे, महाराष्ट्रातील प्रमुख सत्पुरुष होत. त्यांचे माता-पिता वामनभट्ट आणि पार्वतीबाई हे मूळचे बीदरच्या बाजूचे असून मोरगावी येऊन राहिले, मोरेश्वराच्या उपासनेनंतर त्यांना पुत्र झाला आणि म्हणून देवाचे नाव त्याला ठेवले, असे परंपरा सांगते. नयनभारती या गुरूंचा उपदेश, थेऊर येथील बेचाळीस दिवसांचे अनुष्ठान, नंतर ताथवड्याच्या परिसरातील वास्तव्य, ताथवड्याच्या कुलकर्णी घराण्यातील उमाबाईंशी विवाह, कऱ्हा नदीत स्नान करताना हाती आलेली मंगलमूर्ती आणि अखेरीस चिंचवडला घेतलेली संजीवन समाधी, म्हणजे जिवंतपणीच समाधिस्थ होणे, असे त्यांच्या चरित्राचे टप्पे सांगितले जातात. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मोठा मतभेद असून एका मतानुसार त्यांनी १५६१ मध्ये समाधी घेतली, तर दुसरे मत त्यांना सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आणते. समाधिमंदिराच्या शिलालेखावरून ते बांधकाम १६५८-५९ मध्ये झाले हे मात्र निश्चित कळते. मार्गशीर्ष वद्य षष्ठीला चिंचवडला समाधी उत्सव होतो, आणि माघ व भाद्रपद महिन्यांत मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते.

मोरया गोसावींच्या वंशजांना 'देव' ही उपाधी मिळाली आणि त्यांच्या प्रत्येक पिढीत गणपतीचा अंश असतो अशी श्रद्धा रूढ झाली, इतकी की १८०० मध्ये एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने चिंचवडला भेट देऊन या जिवंत देवत्वाच्या परंपरेवर निबंध लिहिला आणि १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम या लेखिकेनेही तेथे जाऊन आपल्या प्रवासवर्णनात तिची नोंद केली. या घराण्याच्या परंपरागत वंशावळीत नावांचा जो क्रम आहे तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोलका आहे: मोरयांचे पुत्र चिंतामणी, त्यांचे नारायण, मग पुन्हा चिंतामणी, धर्माधर, तिसरे चिंतामणी, दुसरे नारायण आणि दुसरे धर्माधर, असा तो १८१० पर्यंत चालतो. आजोबा-पणजोबांचे नाव नातवा-पणतवाला ठेवण्याच्या रूढीप्रमाणे चिंतामणी तीनदा येतो, नारायण दोनदा येतो, परंतु ज्या पुरुषापासून घराण्याची कीर्ती सुरू झाली त्याचे नाव गादीवर बसलेल्या त्यानंतरच्या सातांपैकी एकालाही नाही. यावरून असे दिसते की मोरया हे नाव फार लवकर व्यक्तिनामाच्या पातळीवरून उचलले जाऊन उपास्याच्या नावात मिसळले, भक्त आणि देव यांचे नाव एकच झाले, आणि मग ते मुलाला हाक मारण्यासाठी वापरणे त्या घरातच अवघड झाले असावे. 'मोरेश्वर' हे देवाचे नाव असूनही माणसाला चालत होते, कारण ते अनेकांपैकी एक नाव होते. 'मोरया' मात्र एकाच व्यक्तीला चिकटले आणि तिच्याबरोबर समाधिस्थानी पूज्य झाले.

येथे शेजारच्या दोन क्षेत्रांशी तुलना केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रावेतच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर तुकोबांचे देहू आहे, ईशान्य-पूर्वेकडे ज्ञानदेवांची आळंदी आहे आणि दक्षिण-पूर्वेस चिंचवड आहे. तीन थोर संतपुरुषांची तीन स्थाने एका दिवसाच्या पायी अंतरात आहेत. त्यांपैकी ज्ञानेश्वर आणि तुकाराम ही नावे शेतकरी, कारागीर आणि कामगार घरांत इतकी पसरली की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतील जुन्या हजेरीपटांत त्यांना तोटा नव्हता, परंतु मोरया हे नाव त्या पद्धतीने पसरले नाही. याचे कारण संतांच्या थोरवीत नसून संप्रदायांच्या रचनेत आहे. वारकरी पंथाने दिंडी, भजन, कीर्तन आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह यांच्या द्वारे संतांना घराघरांत नेले, संत हा देवाच्या खालोखाल परंतु आपल्यासारखाच प्रापंचिक माणूस आहे असे शिकवले, आणि त्यामुळे त्याचे नाव आपल्या मुलाला ठेवण्यात संकोच उरला नाही. गाणपत्य उपासना मात्र मुख्यतः अनुष्ठान, चतुर्थीचे व्रत, देवस्थानाची गादी आणि तिला मिळालेली इनामे यांभोवती वाढली. तिचे भक्त सर्व जातींत होते, पण गावागावांत पंथाची बैठक उभी राहिली नाही. त्यामुळे मोरेश्वर, मोरो ही नावे मुख्यतः गणपती हे कुलदैवत किंवा आराध्य असलेल्या आणि लेखन-कारभाराचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यांत अधिक राहिली. एका अर्थी या नावाचा पाया दूरवर पसरलेला पण अरुंद होता, आणि अरुंद पायावरची नावे रूढी बदलताच वेगाने ओसरतात.

विसाव्या शतकात दोन उलट दिशांच्या घडामोडी एकाच वेळी झाल्या. १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाला जे व्यापक रूप आले, त्यातून 'गणपती बाप्पा मोरया' ही घोषणा मोरगाव-चिंचवडच्या पालखीमार्गावरून शहरांच्या रस्त्यांवर, गिरणगावाच्या चाळींत आणि पुढे मराठी माणूस जेथे गेला तेथे सर्वत्र पोहोचली. या घोषणेतील 'मोरया' म्हणजे मोरया गोसावीच, असे चिंचवडची परंपरा मानते, आणि मोरगावच्या मोरेश्वराला घातलेली ती साद आहे असाही दुसरा अर्थ लावला जातो. वरील वंशावळीचा विचार करता हे दोन अर्थ परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. शिवाय 'मोरया' हे रूप मराठी कानाला नामाइतकेच हाकेसारखे ऐकू येते, कारण त्याच्या शेवटी असलेला लांबवता येणारा 'या' गर्दीने एका सुरात म्हणण्यास सोयीचा आहे. अवधूत गुप्ते यांच्या २०११च्या चित्रपटाला 'मोरया' हे शीर्षक देताच तो गणेशोत्सवाविषयी आहे हे कोणाला सांगावे लागले नाही, इतका या शब्दाचा व्यक्तीशी असलेला संबंध पुसट होऊन उत्सवाशी असलेला संबंध पक्का झाला आहे.

त्याच काळात 'मोरू' या घरगुती रूपाची मात्र पत गेली. विनोदी लेखनात आणि रंगभूमीवर भोळसट, फसणारा किंवा आळशी मुलगा म्हणून मोरू हे पात्र ठरून गेले, 'एखाद्याचा मोरू करणे' म्हणजे त्याला फसवणे असा वाक्प्रचार रुळला, आणि आचार्य अत्रे यांनी 'चार्लीज आन्ट' या इंग्रजी प्रहसनावरून केलेल्या 'मोरूची मावशी' या नाटकाने ते नाव हास्याशी कायमचे जोडले; १९८०च्या दशकात विजय चव्हाण यांनी मावशीची भूमिका गाजवल्यावर ज्यांनी जुना प्रयोग पाहिला नव्हता त्या पिढीलाही हे नाव त्याच अर्थाने परिचित झाले. नाटक उत्तमच आहे आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु शाळेच्या वर्गात आपल्या मुलाला मोरू म्हणून हाक मारली जाईल आणि इतर मुले हसतील, ही शक्यता मोरेश्वर हे नाव निवडताना आईवडिलांच्या मनात येऊ लागली, आणि नाव टाळण्यास तेवढे कारण पुरेसे ठरते. पांडुरंगाचा 'पांडू' झाल्यावरही काहीसे असेच घडले. मात्र पांडुरंगाच्या पाठीशी संपूर्ण वारकरी परंपरा असल्यामुळे ते नाव अधिक काळ टिकले.

दुसरा बदल अधिक शांतपणे झाला आणि त्याचा परिणाम अधिक मोठा होता. 'ईश्वर' हे शेवटचे पद असलेली लांब नावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'ईश' पर्यंत आखूड होऊ लागली, ज्ञानेश्वराचा ज्ञानेश आणि सिद्धेश्वराचा सिद्धेश झाला, आणि याच नियमाने मोरेश्वराचा 'मोरेश' होणे अपेक्षित होते. काही घरांत ते रूप वापरलेही गेले, पण बहुतेकांनी त्याऐवजी 'मयूर' आणि 'मयूरेश' ही नावे पसंत केली. देव तोच, पक्षी तोच, कथाही तीच; केवळ लोकांनी दोन हजार वर्षे घासून गुळगुळीत केलेला तद्भव शब्द बाजूला ठेवून तत्सम शब्द पुन्हा वर आणला गेला. शिक्षण पसरले की बोलीतील रूप गावठी आणि संस्कृत रूप सुसंस्कृत वाटू लागते, ही प्रवृत्ती केवळ या नावापुरती नाही, कान्होबाचा कृष्ण होण्यातही ती दिसते. तरीही यात झालेली हानी मान्य केली पाहिजे, कारण 'मयूरेश' हे नाव देशातील कोणत्याही प्रांतात घडू शकले असते, तर 'मोरेश्वर' हे केवळ मराठीतच घडू शकत होते.

नावांच्या फॅशनचा अभ्यास करणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की नावांचे चढउतार नेहमीच मोठ्या सामाजिक घटनांमुळे होत नाहीत, तर ध्वनी, शेवटचे अक्षर आणि मागच्या पिढीपासून थोडे वेगळे दिसण्याची इच्छा यांमुळे ते आपोआपही घडतात. महाराष्ट्राला हे निरीक्षण चांगले लागू पडते. आज पसंत केली जाणारी मुलांची नावे पाहिली, तर 'आ', 'अ', 'वि' यांनी सुरू होणारी, दोन-तीन अक्षरांची आणि मृदू व्यंजनांची नावे पुढे दिसतात, आणि त्यांच्या शेजारी 'मोरेश्वर' जड वाटते. पंचांगातील अवकहडा चक्राप्रमाणे पूर्वा फाल्गुनी नक्षत्राच्या पहिल्या चरणावर जन्मलेल्या मुलासाठी 'मो' हे अक्षर येते आणि त्या अक्षरावरून मोरेश्वर हे नाव पूर्वी सहज सुचत असे. आता त्याच अक्षरावर मोहित किंवा मोक्ष ही नावे सुचवली जातात. शास्त्रग्रंथांनी देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत, आणि ज्या घरांत हा विधी अजून पाळला जातो तेथे पत्रिकेत एक नाव व शाळेत दुसरे असे होत असल्यामुळे, एखादे जुने नाव केवळ पत्रिकेपुरते उरण्याचीही शक्यता असते.

रावेतसारख्या वस्तीत या सर्वांत आणखी एका गोष्टीची भर पडते. हिंजवडीच्या आयटी पार्कमधील आणि चाकण-तळेगावच्या वाहन उद्योगातील नोकऱ्यांमुळे येथे राज्याच्या सर्व जिल्ह्यांतील आणि देशाच्या अनेक प्रांतांतील कुटुंबे एकाच सोसायटीत राहतात, त्यामुळे नाव शेजाऱ्याला, शाळेतील अमराठी शिक्षकाला आणि उद्या परदेशातील सहकाऱ्यालाही उच्चारता यावे असा विचार स्वाभाविकपणे होतो. 'मोरया' हे नाव रोमन लिपीत लिहिताना 'र' नंतर स्वर लिहावा की नाही असा प्रश्न पडतो, आणि तो न लिहिल्यास हिंदीभाषक वाचकाला ते 'मौर्य' या आडनावासारखे दिसते. जन्मनोंदणी नावाशिवायही करता येते, बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव नोंदवता येते. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेश, आधार, वाहन परवाना अशा अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरल्यामुळे, एकदा ठरलेले स्पेलिंग जन्मभर सोबत राहते आणि पालक अधिक सावध होतात. 'मोरेश्वर' या रूपात ही अडचण फारशी नाही. ज्यांना चिंचवड-मोरगावशी नाते सांगणारे नाव हवे आहे त्यांच्यासाठी तेच अधिक सोयीचे आहे.

हे नाव आज सर्वाधिक कोठे दिसते याचे उत्तर महाराष्ट्रातील पूर्ण नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तीन पदांच्या या पद्धतीमुळे प्रत्येक नाव धारकाच्या पिढीनंतर आणखी एक पिढी मधल्या पदात दिसत राहते, आणि त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वी ठेवलेले 'मोरेश्वर' आज मध्यमवयीन माणसांच्या सातबाऱ्यांवर, सदनिकांच्या करारांवर आणि मतदार याद्यांत मधल्या जागी वाचायला मिळते. त्यांच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर मधल्या जागी त्यांचे स्वतःचे नाव येते आणि आजोबांच्या नावाला कोणतीही जागा उरत नाही. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रूढी जोवर पाळली जात होती, तोवर कागदावरून सुटलेले नाव पाळण्यात परत येत असे आणि मोरेश्वर एक पिढी सोडून पुन्हा उभा राहत असे. ती रूढी सैल झाल्यावर हा परतीचा एकच मार्ग होता तोही अरुंद झाला आहे, आणि तो वापरायचा की नाही हे आता मोरेश्वरांची नातवंडे आईवडील होतील तेव्हा ठरवतील.